बोगोटाच्या अक्का, तुमच्या गूळपाण्याचं देणं

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुमची परवानगी घेतलेली नाही, म्हणून इथे तुमचं नाव लिहीत नाही. आमच्या कोल्हापुरात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि त्या रविवारपासून माझ्या मनात तुम्ही अक्काच आहात. पत्ता घ्यायचा राहून गेला. ब्यूनोस आयरेसला असलेली माझी भाची हे पत्र तुमच्या भाषेत करणार आहे. ते फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचावं, एवढीच इच्छा.

न्यूयॉर्कहून भाचीकडे जाताना मला बोगोटाला विमान बदलायचं होतं. पहाटे साडेपाचला उतरले, पुढचं विमान संध्याकाळी साडेसहाला. तेरा तास. मोठी बॅग थेट पुढे जाणार होती आणि अमेरिकेचा व्हिसा असल्याने तुमच्या कोलंबियात पाऊल ठेवायला वेगळा व्हिसा लागत नव्हता. "मावशी, आत बसून राहू नकोस, शहर बघ," असं भाचीने बजावलं होतं. पासपोर्टवर शिक्का घेऊन बाहेर आले आणि तिथेच धीर सुटला. भाषा येत नाही, रात्रभर झोप नाही, त्यात डोकं ठणकायला लागलेलं. आमचं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, तुमचं शहरच 2,600 मीटरवर. माणसाला ते जाणवणारच. बाकावर डोळे मिटून बसले होते.

नातवाला सोडून तुम्ही परत निघाला होता. मला बघून थांबलात. काही न विचारता गेलात आणि दोन्ही हातांत एकेक कप घेऊन आलात. वाफाळतं, तपकिरी, वर लिंबू पिळलेलं. पहिला घोट घेतला आणि अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गूळ होता तो! साखर नव्हे, अस्सल उसाचा गूळ. आमच्याकडे उन्हातून कोणी दारात आलं की आधी गूळपाणी पुढे करतात, मग नाव-गाव विचारतात. तुम्ही नेमकं तेच केलंत. तुमच्याकडे त्याला अग्वापानेला म्हणतात, हे नंतर कळलं. तुम्ही त्यात चीजचा तुकडा सोडलात, तो मऊ झाल्यावर चमच्याने काढून मला खायला लावलात. गुळात चीज ही कल्पनाच मला नवी होती. पण खारट-गोड ते इतकं छान लागलं की दुसरा तुकडा मीच मागून घेतला.

मग तुम्ही मोबाइल काढलात. तुम्ही स्पॅनिशमध्ये बोलायचं, तो इंग्रजीत सांगणार. मी मोन्सेरातेच्या डोंगराचा फोटो दाखवला, तर तुम्ही ठाम मान हलवलीत. रविवारी भाविकांची रांग असते आणि बिनझोपेच्या अंगाने आणखी वर, 3,152 मीटरवर जायचं नाही. दोनच गोष्टी करायच्या, एक बघायची आणि एक खायची. पुढचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे: "सुमेर्से एल डोराडोला उतरलात, तर एल डोराडो बघूनच जा." सुमेर्से म्हणजे आमच्या 'आपण'सारखं, पण त्यात माया जास्त.

विमानतळाचं नाव एल डोराडो, एवढंच मला माहीत होतं. सोन्याने माखलेला राजा असा त्याचा अर्थ, हे तुम्ही लाल बसमध्ये सांगितलंत. बसला वेगळा रस्ता होता. पुण्यात बीआरटी आली तेव्हा तुमच्या याच ट्रान्समिलेनिओ बससेवेचं उदाहरण सगळे देत होते. तिकीट तुमच्या कार्डावर काढलंत, पैसे घेतले नाहीत. सातव्या हमरस्त्यावर उतरलो तर मोटारींचा पत्ता नाही! सायकली, स्केट, बाबागाड्या, कुत्री. दर रविवारी सात ते दोन रस्ते माणसांना मोकळे, ही 1974 पासूनची तुमच्या गावाची रीत. मी फोटो काढायला मोबाइल हातात धरला की तुम्ही "पपई देऊ नका" म्हणत तो पर्समध्ये ठेवायला लावायचात. चोराला आयती संधी देऊ नये, याला तुमच्याकडे पपई देणं म्हणतात.

दहाला सुवर्णसंग्रहालय उघडलं. रविवारी तिकीटही नसतं. तीस हजारांहून जास्त सोन्याच्या वस्तू तिथे आहेत, पण तुम्ही मला भराभर पुढे नेऊन एकाच काचेपुढे उभं केलंत. मुइस्का या तिथल्या मूळ लोकांचा तराफा. वीतभरही लांब नाही. मधोमध राजा, भोवती त्याच्यापेक्षा छोटी माणसं, सगळं तारेसारख्या बारीक सोन्यात. अंगाला सोन्याची भुकटी लावून राजा ग्वातावीता तळ्यात मध्यावर जायचा आणि सोनं, पाचू पाण्यात अर्पण करायचा, ती ही कथा. 1969 साली पास्काजवळच्या एका गुहेत शेतकऱ्यांना हा तराफा सापडला. आधी मेणात घडवायचं, वर माती लिंपायची, तापवून मेण वितळवून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आमच्याकडे दक्षिणेत पंचधातूच्या मूर्ती अशाच ओततात. हे मी हातवारे करून सांगितलं, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि आपण पुन्हा एकदा मागे जाऊन तो तराफा पाहिला.

आणि खायची गोष्ट, तुमचं आहियाको सूप, त्याबद्दल काय लिहू? तीन जातींचे बटाटे, त्यातला पिवळा विरघळून रस्सा दाट करतो. कोंबडी, मक्याचं कणीस, ग्वास्कास नावाचा पाला, वरून साय. ताट नव्हे, मातीचं खोलगट भांडं. माझं ठणकणारं डोकं तिथेच थांबलं.

दोनला पाऊस आला आणि तुम्ही घड्याळ दाखवलंत. मला अजून बसायचं होतं. विमानाच्या तीन तास आधी पोचलंच पाहिजे, म्हणून तुम्ही मला टॅक्सीत घातलंत, चालकाला दोनदा बजावलंत आणि खिडकीतून कागदात गुंडाळलेला पानेलाचा, म्हणजे तुमच्या गुळाचा, तुकडा माझ्या मांडीवर ठेवलात.

तो मी कोल्हापुरापर्यंत जपून आणला. आमच्या भावाचं गुऱ्हाळ आहे. तिथल्या गुळव्याने नखाने खरवडून जिभेवर ठेवला, उजेडात धरून रंग पाहिला आणि म्हणाला, "काळसर हाय, म्हंजी पावडर घातली न्हाई. उकळ्या चांगल्या दिल्यात." त्याच्या तोंडून एवढी तारीफ मी क्वचितच ऐकली आहे, म्हणून तुम्हाला मुद्दाम कळवते.

या हंगामातला गुळाचा पहिला एक किलोचा रवा तुमच्या नावाने फळीवर काढून ठेवला आहे. पत्ता कळवा, अक्का.

तुमची,
कोल्हापूरची धाकटी बहीण