ऑगस्टमध्ये चक्रीवादळ आले, असे मला पुन्हा सांगू नका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
नागपूर कार्यालय

विषय : मॉरिशस–रॉड्रिग्ज सहलीतील रॉड्रिग्जचा भाग खोटे कारण सांगून रद्द केल्याबद्दल व पैसे परत मिळण्याबद्दल.

महोदय,

आज दुपारी तुमच्या कार्यालयाशी झालेले फोनवरचे बोलणे मी शेवटचे समजते. यापुढे जे असेल ते कागदावर. सहलीची माहिती पुन्हा लिहीत बसत नाही. पत्रक तुमचे, दर तुमचे, 'एकट्याने फिरणाऱ्यांसाठी' हे शीर्षकही तुमचेच. पावतीची प्रत सोबत जोडली आहे, बुकिंगचा क्रमांक तिच्यावर आहे.

रॉड्रिग्ज या मॉरिशसच्याच दूरच्या बेटावर निघायच्या आदल्या संध्याकाळी तुमचा तिथला प्रतिनिधी मॉरिशसच्या हॉटेलात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "सायक्लोन आहे मॅडम, फ्लाइट कॅन्सल. तुम्हाला इथेच बीचवरचे हॉटेल देतो." एवढे बोलून तो निघालासुद्धा.

गावच्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हिंदी महासागराच्या त्या भागात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो, मॉरिशससाठी तो मेच्या मध्यापर्यंत धरतात. २०१९ मध्ये गेलेना आणि जोआनिन्हा ही वादळे रॉड्रिग्जवर आली, ती फेब्रुवारी आणि मार्चमध्ये. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. तेव्हा वारा सतत वाहतो, पण तो व्यापारी वारा. त्याला चक्रीवादळ म्हणत नाहीत, आणि त्याच वाऱ्यात तिथली विमाने वर्षानुवर्षे उतरत आली आहेत. मॉरिशसमध्ये चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. त्या संध्याकाळी त्यातला एकही लागू नव्हता. हे मी तिथल्या हवामान खात्याच्या पानावर स्वतः पाहिले, हॉटेलातल्या पोऱ्यालाही विचारले. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सी करून विमानतळावर गेले. रॉड्रिग्जचे विमान फलकावर होते, वेळेवर होते, लोक सामान घेऊन रांगेत उभे होते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टवरचे आडनाव पाहून मला महाराष्ट्रातल्या का म्हणून विचारले. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर आलेले. तिने माझे नाव त्या दिवशीच्या यादीत शोधले, मग पुढच्या-मागच्या तारखांना शोधले, आणि शेवटी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. माझ्या नावाचे तिकीट रद्द झालेले नव्हते. ते कधी काढलेलेच नव्हते.

हे वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले, एकटी आहे म्हणून खोलीचा जादा आकारही घेतला, आणि तिकीट काढले नाही. रॉड्रिग्जमधल्या पोर्ट मॅथुरिन गावच्या ज्या निवासाचे नाव तुम्ही मला लिहून दिले होते, तिथे त्या मुलीनेच फोन लावून पाहिला. तिथेही माझे नाव नव्हते. विमानात जागा होती. माझ्याजवळ त्या तिकिटापुरते आणि तिकडे राहण्यापुरते पैसे नव्हते, कारण ते तुमच्या खात्यात जमा होते. तुमच्या प्रतिनिधीला फोन केला तर तो म्हणाला, तुम्ही स्वतःच्या मनाने गेलात तर पुढची जबाबदारी कंपनीची नाही.

तुमच्या त्या बीचवरच्या हॉटेलाबद्दल थोडक्यात लिहिते. व्हाउचरवर 'मिस्टर अँड मिसेस' छापलेले होते. माझे यजमान हयात नाहीत, हे मी तुमच्याच फॉर्ममध्ये लिहिले आहे. तरीही जेवणाच्या टेबलावर रोज दोघांची ताटे मांडली जात आणि रोज मला विचारले जाई, सर केव्हा येतील. दुसऱ्या कोणत्या तरी जोडप्याने सोडलेले बुकिंग तुम्ही माझ्या गळ्यात मारले, याहून त्याचा वेगळा अर्थ मला लागत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. तो तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असे सुरुवातीलाच ऐकवले जाते, तेव्हा हे शब्द ताडून पाहता येतील.

मी म्हटले, रॉड्रिग्जच्या भागाचे पैसे परत पाहिजेत. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, रॉड्रिग्ज मॉरिशसमध्येच येते. तुमचा मॉरिशस झाला ना?" मी सांगितले, देश एक आहे, पण ते बेट पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे आहे, विमानाने दीड तास लागतो. तो म्हणाला, "पण तिकडे आहे काय? नुसता वारा आहे तिकडे. इकडे तर तुम्हाला बीच फेसिंग रूम भेटली. कपल लोक एक्स्ट्रा देतात त्याचे." मी म्हटले, "वाऱ्यासाठीच जाऊन राहिली होती मी." यावर तो थांबला. मग फोन हाताने न झाकता शेजारच्याला म्हणाला, "वारा पाहाले चालली होती म्हणते मावशी." दोघे हसले. ते हसणे मला स्पष्ट ऐकू आले. मावशी म्हणण्याला माझी हरकत नाही, आमच्याकडे भाजीवालाही आदराने म्हणतो. तो आदराने म्हणत नव्हता.

मग तो परत आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे पाहा, एकट्या लेडीजला तिकडे पाठवायची रिस्क कंपनी नाही घेत. तुमच्या सेफ्टीसाठीच केले. मिनिमम दोन जण लागतात." मी विचारले, मग चक्रीवादळ? तो म्हणाला, "ते पण होते." मी विचारले, तिकीट काहून काढले नाही? तो म्हणाला, "घरी कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या, त्यांना समजावून सांगतो."

मी फोन ठेवला. हा फोन मी लावलेला होता. पैसे माझे होते, माझ्या पेन्शनीतून बाजूला काढलेले. माझा पुतण्या त्या वेळी वावरात डवरणीला गेला होता, आणि घरी असता तरी त्याला त्या पैशांत काय सांगायचे होते? एकट्या बाईला न्यायचे नव्हते तर पैसे घेतानाच नाही म्हणायचे होते. तेव्हा तुम्हाला माझ्या सुरक्षिततेची काळजी वाटली नाही, उलट त्याच एकटेपणाचे जादा पैसे तुम्ही मोजून घेतले.

आणि वाऱ्याबद्दल तुमचे लोक हसले म्हणून तेही लिहिते. मॉरिशस, रॉड्रिग्ज ज्यांत येतात त्या मस्करीन बेटांच्या दक्षिणेला या दिवसांत हवेच्या जास्त दाबाचे मोठे क्षेत्र असते. तिथून आग्नेय व्यापारी वारे वायव्येकडे सुटतात, विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे वळतात. तेच पुढे नैऋत्य मोसमी वारे म्हणून केरळात येतात आणि जूनच्या मध्याच्या सुमारास आमच्याकडे पोचतात. आमच्या दारव्हा तालुक्यात बहुतेक शेती कोरडवाहू आहे. जून कोरडा गेला तर पऱ्हाटीची दुबार पेरणी होते आणि बियाण्याचे कर्ज दुप्पट होते. वर्गातल्या नकाशावर तो वाऱ्याचा बाण मी वर्षानुवर्षे काढला. आमचे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांच्या आसपास, रॉड्रिग्ज दक्षिणेला जवळजवळ तितक्याच अंशांवर. त्या बाणाच्या सुरुवातीला एकदा उभे राहावे, तो वारा अंगावर घ्यावा, आणि ३९८ मीटर उंचीच्या मॉन लिमॉन डोंगरावरून खालचा, प्रवाळभिंतीच्या आतला उथळ समुद्र पाहावा, एवढे मला करायचे होते.

आणखी एक. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्जमध्ये ऐकू आला. तिथल्या पोलीस प्रमुखाला वाटले, दूर समुद्रात कोणी तोफा डागतो आहे. आवाजाला तिथवर यायला चार तास लागले. हे गणित माझ्या मुलांनी फळ्यावर सोडवलेले आहे. मी ऑगस्टचीच तारीख काहून मागितली, हे बुकिंगच्या वेळी तुमच्या बाईंना सगळे सांगितले होते. त्या 'किती छान' म्हणाल्या होत्या.

सगळ्यात जास्त वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. आमच्या केंद्रातल्या शिक्षिकांना तुमचे नाव मीच सुचवत आले. काशीला, रामेश्वरला, अष्टविनायकाला त्या माझ्या शब्दावर तुमच्याकडून गेल्या. त्या प्रवासांत तुमच्या माणसांनी म्हाताऱ्यांचे सामान स्वतः उचलले, औषधाच्या वेळा लक्षात ठेवल्या. ती माणसे कुठे गेली? आता त्या विचारतात, रॉड्रिग्ज कसे आहे. मी त्यांना खरे ते सांगते, आणि सांगत राहीन.

माझे म्हणणे असे. रॉड्रिग्जच्या भागाचे विमानभाडे, निवास आणि खोलीचा जादा आकार, यातला एक रुपयाही न कापता सगळे पैसे परत करा. आज फोनवर जे 'कॅन्सलेशन चार्जेस' सांगितले ते मला मान्य नाहीत. जे तिकीट काढलेच नाही ते रद्द करण्याचा खर्च कोणता? त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते आणि माझ्या नावाचे तिकीट काढलेले नव्हते, हे कंपनीच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. फोनवर हसणाऱ्या दोघांनी माझी लेखी माफी मागावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झाले नाही, तर मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागता येते. मला नागपूरला यायची गरज नाही, तुम्हाला मात्र तारखेला यवतमाळला यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी आजच नोंद केली आहे. वादळ नव्हते हे तुमच्या प्रतिनिधीला माहीत होते, तुमच्या कार्यालयाला माहीत होते, आणि तरी तीन वेगवेगळी कारणे मला सांगितली गेली. आयोगापुढे त्यातले एक निवडावे लागेल.

उत्तर लेखी द्या, माझ्या नावाने. मला फोन करू नका आणि माझ्या घरच्या कोणालाही करू नका.

कळावे,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ