ओल्या भिंतीवर दिवाळीचा रंग नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की नाशिकमध्ये घरोघरी रंगकामाची बोलणी सुरू होतात. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, जेल रोड, म्हसरूळ, आडगाव या भागांत वन बीएचके-टू बीएचकेमध्ये राहणारी तरुण कुटुंबे गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांची फी भागवून बोनसमधले वीस-तीस हजार बाजूला काढतात. ते पैसे पीओपीचे छत, एका भिंतीला टेक्श्चर किंवा टीव्हीमागे पीव्हीसी पॅनेल यात संपतात आणि पुढच्या जुलैत त्याच भिंतीला पोपडे सुटतात. हौस करूच नये असे माझे म्हणणे नाही, पण क्रम चुकतो आहे. आधी भिंतीतले पाणी थांबवावे, मग वायरिंग बघावे, मग लहान मुलाचा हात पोचेल त्या जागा, आणि उरलेल्या पैशांत रंग.

परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. चार महिने बाहेरून भिजलेली भिंत हाताला कोरडी लागली तरी आतून ओली असू शकते. पेंटर काम हाती घेण्यापूर्वी घरच्या घरी एक तपासणी करता येते आणि तिला खर्च जवळपास नाही. एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यावे, चारही कडा रुंद चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवाव्यात आणि 24 तास तसेच ठेवावे. भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर पाणी भिंतीतूनच येत आहे. खोलीकडच्या बाजूला साचले तर ती हवेतली वाफ, म्हणजे स्वयंपाकाची किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांची. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्यापेक्षा एक्झॉस्ट फॅन लावावा. ही तपासणी जमिनीपासून फूटभर वर, खिडकीच्या खाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर अशी किमान तीन ठिकाणी करावी.

ओल कुठे दिसते यावरून ती कुठून येते याचा बराच अंदाज बांधता येतो. वरच्या मजल्यावर छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्चीच्या कठड्याखालचा वाटा (गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) फुटलेला असतो किंवा पावसाळी पाइपचे तोंड पाल्याने तुंबलेले असते. खिडकीखाली दोन्ही कोपऱ्यांत डाग असेल तर खिडकीचा कडाप्पा आतल्या बाजूला उतरता बसला आहे, नाहीतर फ्रेमभोवतीचे सिलिकॉन सुटले आहे. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत आणखी एक साधे कारण असते. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोके असतात, ती धुळीने बुजतात आणि पट्टीत साचलेले पाणी आत सांडते. तारेचा तुकडा घालून ती मोकळी केली की काम होते. तळमजल्याच्या घरात सगळ्या भिंतींना फूट-दोन फुटांपर्यंत सारखी ओल असेल तर ती जमिनीतून वर चढते आहे, तिला रंगाचा कोणताही डबा थांबवू शकत नाही. काळ्या मातीवर बांधलेल्या रो-हाउसच्या भिंतींना दर उन्हाळ्यात त्याच जागी भेग पडत असेल तर मातीच्या फुगण्या-आक्रसण्याने पाया हलतो आहे. ती भेग पुट्टी भरून बुजवत बसण्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी.

सर्वांत जास्त तक्रारी बाथरूममागच्या भिंतीच्या असतात आणि सर्वांत जास्त पैसाही तिथेच वाया जातो, कारण मिस्त्री आल्याआल्या फरशी फोडायला सांगतो. फोडण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, प्लंबरकडून हातपंपाने लाइनला प्रेशर देऊन घ्यावे. अर्धा तास पंपावरच्या दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही तर भिंतीतला पाइप ठीक आहे. सिडकोतल्या जुन्या घरांत गंजलेले जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप असतील तर काटा बहुधा उतरतोच, मग गरम पाण्याला सीपीव्हीसी आणि थंडला यूपीव्हीसी असे प्लास्टिकचे पाइप बदलून घ्यावे लागतात. पाइप ठीक निघाला तर दुसरी तपासणी. नहाणी ट्रॅपचे (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचे) तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावे, जमिनीवर इंचभर पाणी साठवावे, भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि 24 तासांनी बघावे. एखाद-दुसरा मिलिमीटर हवेत उडून जातो. त्याहून जास्त उतरले किंवा खालच्या घराच्या छताला डाग उमटला तर पाणी टाइलच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने उतरते आहे.

अशा वेळी टाइल पक्क्या असतील, ठोकल्यावर पोकळ वाजत नसतील, तर फोडाफोडीऐवजी सांध्यांत एपॉक्सी ग्राउट (पाणी न शिरू देणारे राळेचे मिश्रण) भरून बघावे. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमला एक फुटी टाइल, तीन मिलिमीटरचे सांधे आणि आठ मिलिमीटर खोली धरली तर जमिनीला साधारण एक किलो पुरते. जुने सिमेंटचे ग्राउट सांध्याच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून काढायचे, ब्रशने धूळ झाडायची आणि बाथरूम किमान एक दिवस पूर्ण कोरडे ठेवायचे. काम फसते ते इथे. घरात एकच बाथरूम असते, म्हणून सकाळच्या आंघोळी उरकून दुपारी ओल्या सांध्यांत ग्राउट भरले जाते आणि ते पकडच घेत नाही. दुसरी चूक म्हणजे सगळा डबा एकदम कालवणे. मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात आवळू लागते, म्हणून पाव-पाव किलो कालवावे. टाइलवर राहिलेला चिकट थर लगेच ओल्या स्क्रबरने पुसावा, एकदा वाळला की तो निघत नाही. नंतर 24 तास पाणी टाकू नये, आणि मग तीच पाणी साठवण्याची तपासणी पुन्हा करावी.

ओलीचे मूळ बंद झाले तरी भिंत लगेच रंगवता येत नाही. पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या, कडक ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून टाकावा. ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून पुन्हा भिंतीत जातो. पोकळ वाजणारे प्लास्टर काढून सिमेंट-वाळूच्या एकास चार प्रमाणात, 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला 200 मिली वॉटरप्रूफिंग द्रावण घालून नवे करावे, सात दिवस पाणी मारावे आणि त्यानंतर महिनाभर उघडे ठेवावे. हिशेब केला तर दिवाळी त्यात बसत नाही. तेव्हा कोरड्या खोल्या रंगवाव्यात आणि ओली भिंत या दिवाळीला तशीच राहू द्यावी. त्यात कमीपणा नाही. पीओपीची पॅच मारून ती झाकू नये, कारण पीओपीतले जिप्सम ओल धरून मऊ होते आणि गळून पडते. वॉलपेपर आणि पीव्हीसी पॅनेल तर त्याहून वाईट, त्यांच्यामागे बुरशी वाढते आणि लहान मूल त्याच खोलीत झोपत असते. बाहेरच्या भिंतीचे आणि गच्चीचे काम एप्रिल-मेमध्येच करावे. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग ‘व्ही’ आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरावी, त्याहून बारीक असेल तर तयार क्रॅक फिलर पुरतो.

आता वीज. घरात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आहेत म्हणजे शॉकची भीती नाही, असा समज सर्वत्र आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरचा एमसीबी माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या पन्नास-शंभर मिलिअँपिअर करंटला दाद देत नाही, आणि माणूस मरायला तेवढा करंट पुरतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, लागतो. तो मेन स्विचनंतर बसवायचा असतो आणि चांगल्या कंपनीचा साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. एका खोलीच्या पीओपी छताच्या खर्चात तो कितीतरी वेळा बसेल. बसवल्यावर सारखा ट्रिप झाला तर ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून वायरमन तो काढून थेट जोडणी करतो. बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात, किंवा पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतल्या बोर्डात ओल शिरलेली असते. एकेक सर्किट बंद करत दोष शोधायला लावावा, आरसीसीबी काढू देऊ नये. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघावे. मात्र मुलाने सॉकेटच्या दोन्ही भोकांत एकदम धातू घातला तर आरसीसीबीलाही ते कळत नाही, म्हणून खालच्या उंचीचे सॉकेट आतून झडप असलेलेच घ्यावेत.

तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 16 अँपिअरचे सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. एमसीबी वारंवार पडतो म्हणून 16 च्या जागी 32 चा टाकणे म्हणजे भिंतीतली वायर तापू देणे होय. जुना पंखा 70-80 वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 28 ते 35. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट वाचतात. पंखा नुसता हळू फिरत असेल तर आधी 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून बघावा.

मुलांच्या बाबतीत पहिले काम बाल्कनीचे. कठड्याला आडवे पाइप असतील तर ती मुलासाठी शिडीच आहे. उभ्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. कबुतरांची जाळी मुलाचे वजन अडवण्यासाठी नसते, तिच्या भरवशावर मूल सोडू नये. कठड्याजवळ स्टूल, कुंडी किंवा वॉशिंग मशिन ठेवू नये, याला तर पैसाही लागत नाही. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर छापलेली तारीख आजच वाचावी.

उंच कपाट भिंतीला बांधलेच पाहिजे, कारण मूल खालचे खण उघडून त्यांवर चढते आणि कपाट त्याच्या अंगावर येते. एल-अँगलने बांधताना ड्रिलमधून पडणारी भुकटी बघावी. लाल भुकटी म्हणजे वीट, तिथे 8 मिलिमीटरचा प्लग आणि 50 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. राखाडी, खरखरीत आणि ड्रिल पुढे सरकत नसेल तर कॉलम किंवा बीम, तिथे हॅमर ड्रिल हवे. पिठासारखी पांढुरकी भुकटी आणि ड्रिल लोण्यात जावे तसे आत गेले तर एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे. नव्या इमारतींत हेच ब्लॉक असतात आणि त्यात साधा प्लग ओढला की निघून येतो. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडावे आणि ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर मागावेत.

राहिला रंग. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली असेल तर दारे-खिडक्या वजा जाता भिंती 350 चौरस फूट भरतात. लिटरमागे एका हाताला (थराला) 110 चौरस फूट धरले तर दोन हातांना साडेसहा लिटर लागतात, छताचे वेगळे. पेंटरने दहा लिटर सांगितले तर हिशेब विचारावा. पुट्टी सगळीकडे ओढण्याची गरज नसते, खड्डे आणि पॅच भरून पूर्ण भिंतीला प्रायमर दिला तरी चालते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटमध्ये ते जास्त असू शकते. तो कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) वापरून ओलाच घासावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि तेवढे दिवस गरोदर बाई व लहान मुलांना दुसरीकडे ठेवावे.

काम कुणालाही द्या, पण कंपनी, मालाचे प्रमाण आणि किती हात हे कागदावर लिहून घ्यावे. बाथरूमच्या कामाचे शेवटचे पैसे पाणी साठवून बघितल्यावरच द्यावेत. आणि भिंतीत नवा पाइप किंवा वायर जात असेल तर प्लास्टरने झाकण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा, जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे अंतर त्यात दिसले पाहिजे. तो फोटो फोनमध्ये न ठेवता छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावावा. पुढे खिळा ठोकताना किंवा घर विकताना तोच उपयोगी पडतो.

आपला,
एक स्थापत्य अभियंता,
इंदिरानगर, नाशिक