शुभे, ती लेन्स दुरुस्तीला देऊ नकोस

प्रिय शुभे,

तुझ्या मेसेजला पाच आठवडे झाले आणि मी गप्प. रागावली असशील तर हक्काने रागाव. मान आता ठीक आहे, पट्टा सुटला, त्यावर आणखी लिहायला नको. तू पाठवलेले दोन फोटो काल रात्री पुन्हा उघडले आणि खालची ओळ वाचून झोप उडाली: 'शंभर-चारशे बिघडलीये, सोमवारी दुरुस्तीला देते.' अगं, थांब. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

माझा संशय त्या १००-४०० मिमीच्या टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर नाही, तिच्या पुढ्यात लावलेल्या फिल्टरवर आहे. पहिल्या फोटोत बगळ्याच्या मागचा बांबू नीट बघ. फोकसबाहेरच्या प्रत्येक काडीला दुहेरी कडा आलीये, धूसर भाग गुळगुळीत न होता खरखरीत दिसतोय. टेलीवर फिल्टरची काच सपाट नसली की असंच होतं, आणि पिसांची धारही त्यातच जाते. तू म्हणशील, हाच फिल्टर सोळा-पस्तीसवर, म्हणजे वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर महिनाभर होता, तिथे काही तक्रार नव्हती. नसणारच. कारण सांगते.

फोकल लांबी ४०० मिमी, भागिले छिद्राचा एफ-आकडा ५.६, म्हणजे ७१. लांबच्या एका बिंदूकडून लेन्समध्ये शिरणारा प्रकाशाचा झोत ७१ मिमी रुंद असतो, म्हणजे ७७ मिमीच्या फिल्टरची जवळपास सगळी काच तो एकाच वेळी वापरतो. काचेत जराशी लाट असली तरी वेगवेगळ्या भागांतून आलेले किरण एका जागी जुळत नाहीत. हाच हिशेब १६ मिमीला एफ/८ वर कर. झोत २ मिमीचा. एवढ्याशा तुकड्यात लाट ती किती असणार! दोन्ही लेन्सना ७७ चाच आटा आहे म्हणून एकच संच घेतलास हे कळतं, पण आटा जुळला म्हणजे फिल्टर जुळला असं होत नाही.

डाग आणि थेंबांचं मात्र नेमकं उलट. टेलीवर फिल्टरवरचा पाण्याचा थेंब फोटोत दिसतसुद्धा नाही, फक्त कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो. वाइडवर एफ/१६ ला झोत १ मिमीचा, त्यामुळे तोच थेंब आभाळात पांढरट गोळा होऊन बसतो. म्हणून वाइडच्या काचेला सारखं फडकं लागतं आणि टेलीच्या काचेला उत्तम घडण.

तेव्हा आधी ही चाचणी कर. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, ४०० मिमी, एफ/५.६. समोर ३०-४० मीटरवर बारीक तपशिलाचं काहीतरी हवं, झाडाची साल किंवा विटांची भिंत. सकाळी लवकर घे. उन्हाने तापलेली हवा थरथरते आणि फोटो अगदी असाच मऊ करते, मग काहीच ठरवता येत नाही. पाच फोटो फिल्टरशिवाय, पाच फिल्टरसकट. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम हलवून पुन्हा लाव, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून), आणि दोन सेकंदांच्या टायमरवर घे. मग शंभर टक्क्यांवर शेजारी शेजारी ठेव. फिल्टरशिवायचे पाचही मऊ आले तर मी हरले, खुशाल दुरुस्तीला दे.

आता तुझं आवडतं भांडण. 'उघडी लेन्स म्हणजे अनवाणी चालणं' हे तुझं वाक्य मला पाठ आहे. डिजिटल सेन्सरपुढे यूव्ही (अतिनील किरण) अडवणारी काच असतेच, त्यामुळे यूव्ही फिल्टरचं काम उरतं ते राखणीचं. उडती वाळू आणि समुद्राचे तुषार असतील तिथे तो लाव, मी काही बोलणार नाही. काही वाइड लेन्सचं पाण्यापासूनचं संरक्षण पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, हेही तुझं बरोबर होतं. पण शंभर-चारशेला पुढे सावली धरणारा एवढा खोल हूड आहे! तो लाव आणि काच काढून ठेव. संध्याकाळी किंवा रात्री दिवे चौकटीत असतील तर दोन्ही लेन्सवरून फिल्टर काढ. प्रतिबिंब रोखणारं कोटिंग नसलेल्या काचेचा एकेक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. सेन्सरवरून उलटलेला दिवा फिल्टरवर आपटून चौकटीच्या समोरच्या बाजूला हिरवट भूत होऊन उमटतो. दुसऱ्या फोटोतला तो 'उडता दिवा' हाच, बाळूमामांना तसं सांगून टाक.

त्याच फोटोतला निळा पट्टा पोलरायझरचा, म्हणजे ध्रुवित (एकाच दिशेत कंपणारा) प्रकाश कापणाऱ्या फिरत्या फिल्टरचा आहे. आभाळाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवित असतो. १६ मिमीची चौकट आडवी ९७ अंश बघते, म्हणजे गडद पट्टा आणि त्याच्या बाजूचं फिकं आभाळ दोन्ही एकाच फोटोत. एडिटिंगमध्ये तो पुसायला बसू नकोस, फार कष्ट पडतात. निळं आभाळ असेल तर पोलरायझर अर्धाच फिरव, किंवा २८ च्या पुढे झूम कर. ओली पानं, दगड, ढगाळ दिवस यांना वाइडवरही तो बिनधास्त वापर. पाण्यावरची चकाकी मात्र पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांवर सगळ्यात चांगली कापली जाते, त्यामुळे वाइडमध्ये पायापाशी तळ दिसतो आणि पलीकडे चकाकी तशीच राहते. तो दोष नाही, तसंच व्हायचं.

टेलीवर हा पट्टा येत नाही, कारण ४०० मिमी आडवे जेमतेम ५ अंश बघते. लांबच्या डोंगरावरचं धुकट आवरण पोलरायझर छान कापतो. किंमत प्रकाशात मोजायची: दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). शटर १/१००० सेकंदाचं १/२५० होतं, नाहीतर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० चं १६००. उडत्या पक्ष्याला म्हणूनच तो लावायचा नाही.

कोपरे काळे येतात ते रिंगमुळे. पोलरायझरला दोन रिंगा, त्यावर तू यूव्हीही ठेवलास! १६ मिमीला दोन फिल्टर कधीच एकावर एक नकोत. ७७ ते ८२ ची स्टेप-अप रिंग घे आणि फिल्टर ८२ चा. तेवढा हूड बसणार नाही, सूर्य बाजूला असेल तर हाताने सावली धर. घेतल्यावर एफ/११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे बघ.

एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा राखाडी फिल्टर, घ्यायचाच तर ठरीव घनतेचा घे: सहा स्टॉपचा आणि दहाचा. फिरवून गडद होणारा म्हणजे मुळात दोन पोलरायझर. १६ मिमीवर तो आभाळात काळी फुली उमटवतो. दहा स्टॉपला १/३० चे साधारण ३० सेकंद होतात. आधी फोकस लाव, ऑटोफोकस बंद कर, मगच फिल्टर चढव. ग्रॅज्युएटेडमध्ये (अर्धा गडद, अर्धा स्वच्छ) वाइडला मऊ काठाचा, टेलीला कडक काठाचा. टेलीमध्ये प्रत्येक बिंदूचा झोत जवळपास सगळ्या काचेतून येतो, त्यामुळे काठ आपोआप विरतो आणि मऊ काठ तिथे नुसता राखाडी पडदा वाटतो.

थोडक्यात, पैसे जपायचे असतील तर यूव्हीवर जप. टेलीच्या पोलरायझरवर नको. घेताना काच तिरपी धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघ. फिल्टर हलवताना ती रेघ वाकली किंवा डुलली तर परत दे. प्रतिबिंब मंद हिरवं-जांभळं हवं; पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही. आणि अडकलेला फिल्टर पक्कडीने पिळू नकोस, रिंग लंबगोल होऊन आणखी रुतते. रबर बँड गुंडाळ आणि हलक्या हाताने फिरव.

आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. नव्या कामाचं अभिनंदन राहूनच गेलं होतं, ते आता घे. अनयला म्हणावं, मावशी त्याचं पत्र विसरलेली नाही.

सोमवारच्या आत ते दहा फोटो पाठव. रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) पाठव, जेपेग नको.

तुझी,
मीनू