फोटोला हार, कागदाला वाळवी

महोदय,

परदेशात जाऊन तिथल्या सैन्यात भरती झालेल्या कोकणी माणसाची श्रद्धांजली ‘अमेरिकेत फौजी होते’ एवढ्यावर आटोपते. हुद्दा नाही, तुकडी नाही, वर्षेही नाहीत. अमेरिकी लष्करात १९५० पासून सेवामुक्तीवेळी ‘डीडी २१४’ हा कागद मिळतो. त्यात हे सारे असते. गावच्या पेटीत तो असेल तर मृगाआधी स्कॅन करून घ्या. लॅमिनेशन मात्र नको. एकदा चिकटले की निघत नाही. हरवला असेल तर जवळच्या वारसाला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातील सैनिकी नोंदींच्या अभिलेखागाराकडून नक्कल मागता येते. पण तिथल्या १९७३ च्या आगीत १९१२ ते १९५९ दरम्यान सेवामुक्त झालेल्या लष्करी लोकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. अशांचा घरातला कागद हा म्हणूनच मोठा पुरावा. आणि कुणाच्या पेटीत कागदाऐवजी पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पदके असतील, तर ती चिंचेने घासू नका. कडेवरचा क्रमांक आणि नाव झिजते.

– एक वाचक, गुहागर