तापानंतरचा एक तास

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी पुण्यात रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर तळमजल्याचे घर भाड्याने घेतले आहे, आणि गणपतीच्या आधीच तुम्हा दोघांना तिथे आणायचे ठरवले आहे. यंदाचा गणपती काका बसवतील. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे.

मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये तुमच्या रक्तात क्लेबसिएला हाच जंतू सापडला. दुसऱ्या वेळी हातातून घेतलेल्या रक्तापेक्षा केमोसाठी शिरेत बसवलेल्या पोर्टमधून घेतलेल्या रक्तात तो दोन तासांहून अधिक आधी वाढला, तेव्हा पोर्टच्या नळीत त्याचा चिकट थर धरला असून औषध त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. पोर्ट निघाला, आता भीती कसली, असे तुम्ही म्हणता. पण मायलोमामुळे, रक्ताच्या या कॅन्सरमुळे, चांगली प्रतिपिंडे कमी पडतात ती पडतातच, आणि केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या की एरवी आतड्यात निमूट राहणारे जंतू पुन्हा रक्तात शिरू शकतात. त्यातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशी ५०० च्या खाली असताना ताप आला, तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते, आणि आपल्याला चिपळूण गाठायलाच दीड तास लागतो. जुलैत माझी झोपमोड नको म्हणून तुम्ही तापाची गोळी घेऊन सकाळ होण्याची वाट पाहिलीत. मला गोवर आला तेव्हा रात्रभर घड्या बदलत बसलेले तुम्हीच ना, बाबा? मग मला उठवायला संकोच कसला?

नव्या घरात तुमची आरामखुर्ची खिडकीशी बसेल, मापे घेऊन आले आहे. आई, तुझ्या देवांसाठी पूर्वेचा कोनाडा आहे आणि गॅसचा ओटाही तुझ्या उंचीचा आहे. घर मोडत नाही आहोत. केमो संपेपर्यंतच ही सोय आहे.

तोवर मात्र ऐका. थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ दिसले, किंवा ताप नसताना थंडी वाजून अंग थरथरले, तर गोळी न घेता निघा आणि वाटेतून मला फोन करा. आई, बाबांना मऊ ब्रश दे, तोंडातल्या फोडांतूनही जंतू शिरतात. आणि झाडांच्या आळ्यातल्या मातीत त्यांना हात घालू देऊ नकोस, कितीही हट्ट केला तरी.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते. भांडी मी बांधेन, तू वाकू नकोस.

तुमची,
चिमी