पहिला डीएसएलआर घेताय? पैसे लेन्सवर घाला

संपादक महोदय,

दसरा-दिवाळी आली की पेपरात कॅमेऱ्यांच्या जाहिराती सुरू आणि सगळा जोर मेगापिक्सेलवर, पण घरातल्या भिंतीवर लावायच्या प्रिंटला १६ काय नि २४ काय, फारसा फरक दिसत नाही हे पोरांना कुणी सांगतच नाही. कॅनन-निकॉन दोघंही आता मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळलेत, त्यामुळे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे, सेकंडहँडमध्ये बरेच स्वस्त मिळतात, तिथेच बघा. फक्त शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत ते, विचारा आणि लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, तशी लेन्स फुकट दिली तरी नको.

एक गोम दुकानदार बऱ्याचदा सांगत नाहीत. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणजे जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) स्वस्तात मिळाली म्हणून उचलली तर ऑटोफोकस चालतच नाही, हाताने फिरवत बसा. कॅननच्या ईएफ लेन्सना ही भानगड नाही, मोटर लेन्समध्येच असते.

किटची, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच येणारी १८-५५ एमएम लेन्स सुरुवातीला पुरते, उगाच नावं ठेवू नका. दुसरी मात्र ५० एमएम एफ/१.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), किट लेन्स ५० ला ५.६ वर अडकते त्यापेक्षा ही नऊ-दहापट उजेड आत घेते, घरातल्या ट्यूबलाइटमध्येही फ्लॅश लागत नाही. पण या कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे सगळं जवळ दिसतं, खोलीत अख्खं कुटुंब फ्रेममध्ये घ्यायचं तर पाठ भिंतीला टेकते, अशांनी ३५ एमएम बघावी. आणि ते बॅग-ट्रायपॉडवालं कॉम्बो घेऊच नका, तो ट्रायपॉड पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो.

- एक वाचक, ठाणे