दानानंतर दारावर कोण जाणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

3 ऑगस्टच्या अवयवदान दिनाला दात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो. तो व्हावाच. पण ही माणसे खचतात ती पाहुणे परतल्यावर, आणि तेव्हा रुग्णालयाचे कुणी दारावर जात नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे काम एका माणसाच्या नावाने नेमून द्यावे, यासाठी हे पत्र.

मेंदूमृत्यूनंतरही व्हेंटिलेटरमुळे छाती हलते, अंग गरम असते. चार डॉक्टरांची समिती किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासते आणि दुसऱ्या तपासणीची वेळ मृत्यूची वेळ धरतात. देह मात्र शस्त्रक्रियेनंतर, कित्येक तासांनी हाती येतो. मृत्यूची वेळ आणि देह मिळाल्याची वेळ जुळत नाही आणि महिन्याभराने आईच्या मनात येते, ‘जीव होता तेव्हाच दिलं का?’ नंतर कितीही समजूत घातली तरी ही शंका जात नाही. ती आयसीयूच्या दारातच टाळावी लागते. मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगावे. कुणाला दुसरी तपासणी पाहायची असेल तर पाहू द्यावी. दानाचे नंतर, वेगळ्या खोलीत, अवयवदान समन्वयकाने विचारावे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की डॉक्टरांनी मृत्यू अवयवांसाठीच जाहीर केला असे वाटू लागते. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबाशी पावरी किंवा भिलीत बोलणारे माणूस हवे. मान डोलावली म्हणजे समजले, असे धरू नये.

अपघाती मृत्यूत पंचनामा आणि शवविच्छेदनही असते. न्यायवैद्यक डॉक्टरांना वेळेत कळवले, तर ते अवयव काढतानाच शस्त्रक्रियागृहात उरकता येते. नाहीतर देह पुन्हा शवागारात जातो. संमतीनंतर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असे 2014 चे नियम सांगतात. हे बिलाच्या खिडकीवरच्या माणसालाही ठाऊक हवे. त्या खिडकीवर झालेला अपमान घरे वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

नेत्रदान करणाऱ्या घरांकडे तर कुणाचेच लक्ष नाही. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत पथक घरी येते, अर्ध्या तासात जाते. नंतर देहाला अंघोळ घालताना कधी डोळ्याच्या कडेतून रक्त झिरपते आणि बायका हादरतात. डोके उशीवर उंच ठेवा, थोडे रक्त आले तर कापूस हलकेच दाबून धरा, एवढे आधी सांगितले तरी पुरते. त्वचादानात मांड्या-पाठीवर पट्ट्या असतात, अस्थिदानात हाडाच्या जागी आधार बसवून हात-पाय सरळ ठेवतात. हेही अंघोळ घालणाऱ्यांनाच सांगायला हवे. सही करणारा पुतण्या त्या वेळी सरणाच्या तयारीत असतो.

पुढचे वर्षभराचे काम समाजसेवा अधीक्षकांकडे (वैद्यकीय) द्यावे. दोन दिवसांत एक फोन. गंधमुक्तीनंतर, म्हणजे सुतक फिटल्यावर, पत्र: नावे न सांगता, कोणता अवयव वापरला गेला. वापरता आला नसेल तर कारणासह तेही. गावात दुसऱ्याकडून कळले तर दान वाया गेल्याची बोच राहते. मग तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, वर्षश्राद्धाला आणि पहिल्या अखाजीला (अक्षय तृतीयेला) विचारपूस. अखाजीला मृताच्या नावाने घागर भरतात, घर पुन्हा कोलमडते. अपघात विम्यासाठी, शेतकरी अपघात अनुदानासाठी शवविच्छेदन अहवाल मिळवून देणे हाही आधारच आहे. कागदांसाठी हेलपाटे घालताना माणसाला नीट रडताही येत नाही. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, शेतीचे काम सुटलेले असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवावे. जीव द्यायची भाषा निघाली तर त्याच दिवशी, आणि एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक पहिल्याच पत्रावर ठळक छापावा.

रुग्णालयांना एक ताकीदही द्यावी. दाता आणि रुग्ण यांची नावे जोडून बातमी देऊ नये. तो रुग्ण पुढे दगावला, तर दात्याच्या घरी दुसऱ्यांदा सुतक येते.

ज्यांनी दानाला नकार दिला, त्यांच्या घरीही माणूस तितकाच गेलेला असतो. पहिला फोन त्यांनाही जावा, आणि त्यात दानाचा विषय निघू नये.

आपले,
खान्देशातील अवयवदान समन्वयक, परिचारिका आणि नेत्रदान समुपदेशक